एका माहेरच्या दोन बहिणी : टोकियो आणि पॅरिसचे डिस्नेलँड

१५ एप्रिल १९८३ रोजी टोकियोच्या उपसागराकाठी, उरायासु येथे, भर पावसात एका उद्यानाचे दरवाजे उघडले. १२ एप्रिल १९९२ रोजी पॅरिसच्या पूर्वेला सुमारे ३२ किलोमीटरवर, मार्न-ला-व्हाले येथे, त्याच घराण्याचे दुसरे उद्यान सुरू झाले. अमेरिकेबाहेरची ही पहिली दोन डिस्नेलँड. प्रवेशद्वारापासून सरळ जाणारा मुख्य रस्ता, त्याच्या टोकाला परीकथेतला किल्ला आणि किल्ल्याभोवती पसरलेली कल्पित राज्ये, हा आराखडा दोन्हीकडे सारखाच. उंदीरही तोच.

पहिल्या उद्यानाचा जपानने उत्सव केला. दुसऱ्याला फ्रान्समध्ये ‘सांस्कृतिक चेर्नोबिल’ म्हटले गेले. ही उक्ती आरियान म्नूशकिन या रंगदिग्दर्शिकेच्या नावावर रूढ झाली आहे. तेव्हापासून व्यवस्थापनशास्त्राच्या वर्गांत एक ठरलेली गोष्ट सांगितली जाते : जपानी माणूस शिस्तीचा आणि अमेरिकेचा चाहता, म्हणून तिथे यश, फ्रेंच माणूस मानी आणि वाइनचा भोक्ता, म्हणून इथे फजिती. गोष्ट सुटसुटीत आहे. मात्र जमिनीचा इतिहास, करारातली कलमे आणि पाहुण्यांचे आकडे शेजारी ठेवले की तिचे टाके उसवू लागतात.

सुरुवात उरायासुपासून करायला हवी, कारण त्या गावाचा इतिहास डिस्नेपेक्षा कितीतरी जुना आहे. जुन्या एदो नदीच्या मुखाशी वसलेले हे मच्छीमारांचे गाव. ओहोटीच्या वेळी उघड्या पडणाऱ्या चिखलात शिंपल्या वेचायच्या, हिवाळ्यात नोरी हे समुद्री शेवाळ वाढवायचे आणि टोकियोच्या बाजारात विकायचे, यावर गाव जगत होते. १९५८ मध्ये नदीकाठच्या होन्शु पेपर कंपनीच्या कागद कारखान्यातून काळे सांडपाणी वाहू लागले. मासे आणि शिंपल्या मरू लागल्या. विनंत्या निष्फळ ठरल्यावर १० जून १९५८ रोजी उरायासुचे शेकडो मच्छीमार थेट कारखान्यात घुसले. पोलिसांशी झालेल्या झटापटीत शंभराहून अधिक लोक जखमी झाले. त्याच वर्षाच्या डिसेंबरात जपानच्या संसदेने जलप्रदूषणाविषयीचे दोन कायदे संमत केले. आधुनिक जपानच्या पर्यावरण कायद्यांचा उगम शोधू लागले, तर वाट या गावावरून जाते.

याच वर्षी आणखी एक घटना घडली. केइसेई या खासगी रेल्वे कंपनीचे प्रमुख कावासाकी चिहारु आपल्या कंपनीच्या बागेसाठी गुलाबाची रोपे पाहायला अमेरिकेला गेले होते. तिथे त्यांनी कॅलिफोर्नियातले डिस्नेलँड पाहिले आणि असे काही जपानमध्ये व्हावे हे त्यांच्या मनाने घेतले. १९६० मध्ये केइसेई, मित्सुई फुदोसान आणि आणखी एका भागीदाराने मिळून ओरिएंटल लँड कंपनी स्थापन केली. उरायासुच्या उथळ समुद्रात भराव घालायचा आणि त्या जमिनीवर घरे व करमणुकीचे मोठे केंद्र उभारायचे, असा तिचा हेतू होता. समुद्रावर मासेमारीचा हक्क मात्र गावकऱ्यांचा होता. तो सोडवून घेण्याचे काम ताकाहाशी मासातोमो यांच्याकडे आले. ते मच्छीमारांच्या पंगतीला बसत, त्यांच्याबरोबर रात्ररात्र साके पीत आणि वाटाघाटी पुढे नेत. प्रदूषणाने धंदा आधीच खिळखिळा केला होता. १९६२ मध्ये गावाने हक्काचा काही भाग सोडला आणि १९७१ मध्ये उरलेलाही सोडून दिला. भरावामुळे उरायासुचे क्षेत्रफळ सुमारे चौपट झाले; शिंपल्यांचा चिखल कायमचा गाडला गेला.

म्हणजे टोकियो डिस्नेलँडच्या पायाखाली एक संघर्ष होताच. फरक इतकाच की तो संघर्ष उद्यान उघडण्यापूर्वी बारा वर्षे मिटला होता, आणि तो जपानी कारखाना, जपानी रेल्वे कंपनी व जपानी मच्छीमार यांच्यातला होता. अमेरिकी कंपनी आली तेव्हा जमीन तयार होती, भांडणारे थकले होते आणि भरपाई वाटून झाली होती.

करार एप्रिल १९७९ मध्ये झाला, आणि या गोष्टीतला सर्वांत महत्त्वाचा दस्तऐवज तोच आहे. डिस्नेने मालकी घेतली नाही. पैसा, जमीन, कर्ज आणि जोखीम ही सगळी ओरिएंटल लँडची; डिस्नेला प्रवेशशुल्कातले १० टक्के आणि खाद्यपदार्थ व वस्तूंच्या विक्रीतले ५ टक्के मानधन. खर्च सुमारे १८० अब्ज येनवर गेला. त्या काळी डिस्ने कंपनी सावध होती आणि परदेशातल्या प्रयोगात स्वतःचे भांडवल अडकवण्याची तिची तयारी नव्हती. जपानी बाजूची अट मात्र ठाम होती : उद्यान अमेरिकेत आहे तसेच हवे, जपानी पेहराव चढवलेले नको.

या आग्रहाला एक पार्श्वभूमी होती. १९६१ पासून नारा शहरात ‘नारा ड्रीमलँड’ नावाचे उद्यान सुरू होते. किल्ला, आगगाडी, मुख्य रस्ता, सारे डिस्नेलँडच्या वळणावर, पण डिस्नेच्या परवान्याविना. ते २००६ पर्यंत कसेबसे चालले. नक्कल कशी दिसते हे जपानी प्रेक्षकाने पाहिले होते. आता त्याला अस्सल हवे होते.

तरीही अस्सल म्हणून आलेल्या वस्तूला यजमानांनी हळूच हात लावलाच. पावसाळी हवामान लक्षात घेऊन मुख्य रस्त्यावर काचेचे भव्य छत चढले आणि त्याचे नाव ‘वर्ल्ड बझार’ झाले. अमेरिकी इतिहासातली ‘फ्रंटियर’ ही कल्पना जपानी कानाला काहीच सांगत नव्हती, म्हणून ‘फ्रंटियरलँड’चे ‘वेस्टर्नलँड’ झाले. आणि ‘मीट द वर्ल्ड’ नावाच्या फिरत्या नाट्यगृहात एक पांढरा क्रौंच पक्षी दोन मुलांना जपानचा जगाशी आलेला संबंध सांगू लागला. प्राचीन काळापासून आधुनिक युगापर्यंतच्या या सफरीत दुसरे महायुद्ध जवळजवळ ओलांडूनच पुढे जायचे. उद्यानातला पराभूत देशाचा इतिहास विजेत्या देशाच्या तंत्रज्ञानाने सांगितला जात होता आणि दोघेही एकाच पानावर संकोचून गप्प होते. १९८३ ते २००२ अशी एकोणीस वर्षे हा प्रयोग चालला. इतिहासाच्या विद्यार्थ्याने त्या उद्यानातली एकच गोष्ट पाहायची असती, तर किल्ला सोडून हीच पाहावी.

पहिल्या वर्षी ९९ लाखांहून अधिक लोक आले. नंतरच्या काळात जे वातावरण घडत गेले ते अमेरिकेतल्या थोरल्या बहिणींपेक्षा वेगळे होते. इथला पाहुणा मुख्यतः देशातला, त्यातही टोकियो आणि आसपासच्या प्रदेशातला. बहुसंख्य लोक पुन्हा पुन्हा येणारे. स्त्रियांची संख्या पुरुषांपेक्षा ठळकपणे जास्त आणि मुले सोबत नसलेल्या प्रौढांची गर्दी मोठी. मिरवणुकीच्या कितीतरी आधी लोक चटया अंथरून बसतात आणि पुढच्या रांगा बसूनच राहतात, म्हणजे मागच्यांना दिसते. प्रवासाहून परतताना घरच्यांसाठी, कचेरीतल्या सहकाऱ्यांसाठी खाऊ नेण्याची जपानी रीत इथे अशी रुजली की बिस्किटांचे चित्रमय डबे हा या उद्यानाचा मोठा व्यवसाय झाला. शाळा संपवलेल्या मुली जुना गणवेश चढवून मैत्रिणींबरोबर येतात. परदेशी सहल म्हणून सुरू झालेली जागा दोन पिढ्यांत नेहमीच्या जाण्यायेण्याची झाली.

आता पॅरिस. दोन्ही बहिणींच्या नशिबाला जोडणारा दुवा इथे आहे, आणि तो संस्कृतीचा नसून हिशेबाचा आहे. १९८४ मध्ये मायकेल आयस्नर डिस्नेचे प्रमुख झाले. टोकियोच्या तिकीटखिडकीवरची रांग त्यांना दिसत होती आणि त्यातला मोठा वाटा जपानी कंपनीला जातो हेही दिसत होते. कॅलिफोर्नियात उद्यानाभोवतीची हॉटेले दुसऱ्यांनी बांधून पैसा कमावला, हे जुने शल्य होतेच. युरोपात ही चूक होऊ द्यायची नाही, असे ठरले. २४ मार्च १९८७ रोजी पंतप्रधान जाक शिराक यांच्या सरकारबरोबर करार झाला. सुमारे १,९४३ हेक्टर जमीन, म्हणजे पॅरिस शहराच्या जवळजवळ एक पंचमांश, या प्रकल्पासाठी राखली गेली. ती बीट आणि गव्हाची शेती होती. राज्याने उपनगरी रेल्वे उद्यानाच्या दारापर्यंत आणण्याचे मान्य केले. नव्या कंपनीत डिस्नेने ४९ टक्के वाटा ठेवला, बाकीचे समभाग १९८९ मध्ये लोकांना विकले. मानधनही हवे होते, मालकीही हवी होती आणि हॉटेलेही. उद्यान उघडले तेव्हा त्याच्या अंगणात सुमारे ५,२०० खोल्यांची सहा हॉटेले उभी होती. टोकियोत पहिली काही वर्षे दाराशी एकही हॉटेल नव्हते आणि रेल्वे स्थानकसुद्धा १९८८ मध्ये आले.

सर्वांत मोठी विसंगती पुढे आहे. टोकियोने जशीच्या तशी नक्कल मागितली होती. पॅरिससाठी मात्र डिस्नेच्या कलाकारांनी जिवापाड मेहनत घेऊन युरोपीय रूप घडवले. इथल्या निद्रित राजकन्येच्या गुलाबी किल्ल्यामागे माँ-सें-मिशेलची चढती शिखरे आहेत, मध्ययुगीन सचित्र पोथ्यांतली चौकोनी छाटलेली झाडे आहेत. आत रंगीत काचचित्रे आहेत आणि तळघरात साखळदंडाने जखडलेला, श्वास घेणारा ड्रॅगन आहे. ‘टुमॉरोलँड’ची जागा ‘डिस्कव्हरीलँड’ने घेतली, ज्यात भविष्याची कल्पना ज्यूल व्हेर्नकडून उसनी घेतली होती. पाऊस आणि थंडीसाठी मुख्य रस्त्याच्या दोन्ही अंगांना बंदिस्त दालने काढली. या घराण्यातला सर्वांत देखणा किल्ला हाच, असे म्हणायला हरकत नाही. उलट टोकियोचा किल्ला फ्लोरिडातल्या सिंड्रेलाच्या किल्ल्याची प्रतिकृती आहे. आणि सिंड्रेला काय, निद्रित राजकन्या काय, दोघींच्या गाजलेल्या कथा १६९७ मध्ये शार्ल पेरोने फ्रेंचमध्येच छापल्या होत्या. परकेपणाचा आरोप व्हायचा तर तो टोकियोवर व्हायला हवा होता. झाला तो पॅरिसवर.

फ्रान्सला मिकी परका होता म्हणावे, तर तेही खरे नाही. ‘ल जुर्नाल द मिकी’ हे मुलांचे साप्ताहिक १९३४ पासून फ्रेंच घरांत येत होते. १९९२ मध्ये उद्यानाचा उपहास करणारे कित्येक लेखक लहानपणी तेच वाचून मोठे झालेले असणार. १९८९ मध्ये पॅरिसच्या उत्तरेला ‘पार्क आस्तेरिक्स’ उघडले होते, म्हणजे थीम पार्क ही कल्पनाही नवी नव्हती. वृत्तपत्रांतला गदारोळ हा एका वर्तुळाचा आवाज होता, आणि त्या वर्तुळातल्या लोकांनी तिकीट काढावे अशी कोणाची अपेक्षाही नव्हती.

त्याहून जमिनीवरचे आवाज दोन. पहिला कर्मचाऱ्यांचा. दाढी-मिशा नकोत, नखांची लांबी एवढीच, दागिने इतकेच, ही डिस्नेची नियमावली फ्रान्समध्ये आली तेव्हा कामगार संघटनांनी तिला व्यक्तिस्वातंत्र्याच्या आणि कामगार कायद्याच्या मुद्द्यावर आव्हान दिले. टोकियोत अशीच नियमावली एका जपानी कंपनीने जपानी कर्मचाऱ्यांना लावली होती. तिथे ती कंपनीची शिस्त ठरली, इथे परक्यांचे फर्मान. दुसरा आवाज शेतकऱ्यांचा. जून १९९२ मध्ये ट्रॅक्टर आणून त्यांनी उद्यानाचे रस्ते अडवले. त्यांचा राग मिकीवर नव्हता. युरोपच्या कृषिधोरणात नुकतीच कपात झाली होती आणि जागतिक व्यापाराच्या वाटाघाटींत अमेरिका युरोपीय अनुदानांवर बोट ठेवत होती. अमेरिकेचा दूतावास अडवणे कठीण. बिटाच्या शेतात उभे राहिलेले तिचे प्रतीक अडवणे सोपे.

मद्याचा मुद्दा तर वारंवार सांगितला जातो. उद्यानात वाइन मिळत नाही म्हणून फ्रेंच पाहुणा दुखावला, आणि जून १९९३ मध्ये कंपनीला बंदी उठवावी लागली. हे खरेच आहे. पण टोकियोतही तोच नियम होता, आणि बिअर-साकेचा देश असलेल्या जपानात तो २०२० पर्यंत, म्हणजे ३७ वर्षे, टिकला. ज्या उद्यानाची जमीन साकेच्या पेल्यांवर मिळवली गेली, तिथे एक थेंबही मिळत नव्हता, आणि कोणी मोर्चा काढला नाही. ज्याला प्यायचे होते त्याच्यासाठी संध्याकाळी सारे टोकियो शहर होते. शिवाय २००१ मध्ये शेजारी ‘डिस्नेसी’ उघडले, ते प्रौढांचा विचार करून, आणि तिथे पहिल्या दिवसापासून मद्य होते. पॅरिसमध्ये मात्र कंपनीला पाहुण्याने चार-चार दिवस तिच्याच हॉटेलात राहावे, तिच्याच टेबलावर जेवावे असे वाटत होते. जेवणाच्या टेबलावर युरोपीय माणसाला बांधून ठेवायचे आणि प्याला काढून घ्यायचा, हे गणित जमणारे नव्हते.

पाहुणाही वेगळाच होता. टोकियोचा पाहुणा एका भाषेचा, एका सवयीचा. पॅरिसच्या दारात फ्रेंच, ब्रिटिश, बेल्जियन, डच, जर्मन, स्पॅनिश आणि इटालियन कुटुंबे एकाच वेळी उभी राहत. कोणी सकाळीच भरपेट न्याहारी मागे, कोणी दुपारी साडेबाराच्या ठोक्याला जेवायला बसे आणि उपाहारगृहे तुंबत. रांगेच्या शिस्तीबद्दल प्रत्येक देशाचे मत निराळे. या गर्दीत टोकियोसारखा सामायिक संकेत तयार होणे अवघडच. पण त्याऐवजी एक दुसरीच गोष्ट घडली : सामान्य युरोपीय कुटुंबे सुट्टीच्या दिवशी एकमेकांना धक्के देत, एकमेकांच्या भाषेतल्या चुका ऐकत एका रांगेत उभी राहू लागली. युरोपीय एकीकरणाचा मास्ट्रिख्ट करार त्याच वर्षी झाला होता, आणि तो वाचलेल्यांपेक्षा या रांगेत उभे राहिलेले लोक नक्कीच जास्त होते.

आता आकडे. १९९३ च्या आर्थिक वर्षात पॅरिसला सुमारे ९८ लाख पाहुणे आले. टोकियोच्या पहिल्या वर्षाएवढेच, जवळजवळ. एकाच आकड्याला एका किनाऱ्यावर विजय म्हटले गेले आणि दुसऱ्यावर दिवाळे, कारण त्याच वर्षी पॅरिसचा तोटा ५.३ अब्ज फ्रँक होता. लोक येत होते. ते एक दिवस राहून परत जात होते, डबा घेऊन येत होते, हॉटेलाचे भाडे टाळत होते. हिवाळ्यात तर एक आख्खे हॉटेल बंद ठेवावे लागले.

त्यात काळ विरोधात होता. टोकियोचे उद्यान उघडले ते वाढत्या पगारांच्या जपानात, आणि लवकरच तिथे पैशाचा पूर आला. पॅरिसचे उघडले ते मंदीच्या युरोपात. सप्टेंबर १९९२ मध्ये पौंड आणि लिरा कोसळले, पेसेताचे अवमूल्यन झाले. ब्रिटिश, इटालियन आणि स्पॅनिश कुटुंबांसाठी फ्रान्स एका महिन्यात महाग झाला. आसपासची जमीन विकसित करून कर्ज फेडायचे ठरले होते, तर पॅरिसच्या परिसरातला जमिनीचा बाजारही बसला. कर्ज टोकियोतही काढले होते, पण तिथे ते कंपनीच्या घरच्या बँकांचे होते आणि वारे पाठीमागून वाहत होते.

१९९४ च्या सुरुवातीला पॅरिसचे उद्यान बंद करण्याची भाषा खुद्द डिस्नेकडून ऐकू येत होती. मग बँकांशी तडजोड झाली, डिस्नेने काही वर्षांसाठी आपले मानधन सोडले आणि सौदी अरेबियाचे राजपुत्र अल-वलीद बिन तलाल यांनी भांडवल ओतले. ‘युरो डिस्ने’ हे नाव मागे पडून ‘डिस्नेलँड पॅरिस’ आले. ‘युरो’ हा शब्द ब्रुसेल्सच्या कचेऱ्यांची आठवण करून देई, ‘पॅरिस’ मात्र सुट्टीची. १९९५ मध्ये मोठ्यांचे तिकीट २५० फ्रँकवरून १९५ वर उतरले, ज्यूल व्हेर्नच्या तोफेतून चंद्राकडे झेप घेणारे ‘स्पेस माउंटन’ सुरू झाले, आणि कंपनीने पहिल्यांदा वर्षअखेर नफा पाहिला. फ्रेंच लोकांचा स्वभाव या तीन वर्षांत बदलला नव्हता. बदलले होते ते कर्जाचे ओझे, तिकीट आणि थोडेसे यजमानाचे वागणे. पुढे सर्वाधिक पाहुणे फ्रान्समधूनच येऊ लागले. मालकीचा प्रश्न मात्र रेंगाळत राहिला आणि २०१७ मध्ये डिस्नेने ही कंपनी पूर्णपणे ताब्यात घेतली. टोकियोत ओरिएंटल लँडची मालकी आजही कायम आहे.

टोकियोतल्या यजमानाची खरी परीक्षा ११ मार्च २०११ रोजी झाली. दुपारी २ वाजून ४६ मिनिटांनी भूकंप झाला तेव्हा दोन्ही उद्यानांत मिळून सुमारे ७०,००० लोक होते. कर्मचाऱ्यांनी दुकानांतल्या मऊ बाहुल्या बाहेर आणून पाहुण्यांना डोक्यावर धरायला दिल्या. रेल्वे थांबली होती. सुमारे २०,००० लोकांनी रात्र तिथेच काढली. उरायासु शहराच्या भराव जमिनीवर चिखल उसळून आला, नळ आणि गटारे तुटली. उद्यानाखालची जमीन बांधकामाआधी वाळूचे खांब खोल ठोकून घट्ट केलेली असल्यामुळे किल्ला जागेवर राहिला, वाहनतळ मात्र खचला. जुन्या समुद्राने आपली हद्द एका दुपारपुरती दाखवून दिली. उद्यान पुन्हा उघडले ते १५ एप्रिललाच, अठ्ठाविसाव्या वाढदिवशी.

मार्न-ला-व्हालेच्या शेतांवर आता ‘व्हाल द्युरोप’ नावाचे उपनगर उभे आहे. राज्य आणि डिस्ने यांच्या करारातून वाढलेले, आणि त्यातल्या कित्येक इमारती एकोणिसाव्या शतकातल्या पॅरिसच्या धर्तीवर बांधलेल्या. आणि उरायासु नगरपालिका २००२ पासून, वयात आलेल्या नागरिकांचा वार्षिक सोहळा टोकियो डिस्नेलँडमध्ये भरवते. गावातले तरुण-तरुणी किमोनो नेसून, मिकीच्या शेजारी, फ्रेंच कथेतल्या राजकन्येच्या अमेरिकी किल्ल्यासमोर उभे राहतात. त्या फरसबंदीच्या खाली कुठेतरी त्यांच्या गावाच्या शिंपल्या आहेत.